खमीस आणि कामिसा : स्पॅनिश वस्त्रशब्दांची ओळख

रावेतसारख्या गावी स्पॅनिश भाषेतील कपड्यांच्या नावांवर व्याख्यान ठेवलेले पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. पवनेवरील बंधारा आणि तेथून पिंपरी-चिंचवडला जाणारे पाणी ही रावेतची जुनी ओळख. परंतु शेजारच्या आकुर्डीत बजाज ऑटोचे मुख्य ठाणे आहे, आणि तिच्या मोटारसायकली कोलंबिया, मेक्सिको अशा स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत विकल्या जातात. पलीकडे चाकणला गेस्टॅम्प आणि सीआयई या मूळच्या स्पॅनिश उद्योगसमूहांचे कारखाने आहेत. तेव्हा या पट्ट्यातील एखाद्या घरच्या मुलाला किंवा सुनेला सहा महिन्यांसाठी बिल्बाओला नाही तर बोगोटाला जावे लागणे यात आता काही अद्भुत राहिलेले नाही. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकविली जाते. खाजगी वर्गही पुष्कळ आहेत.

आणि मराठी माणसाला ही भाषा नवी आहे असेही नव्हे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे (१८८४–१९६७) गदर चळवळीतून फिरत फिरत मेक्सिकोस पोचले, आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे शेतीशास्त्र शिकविले. ते शिकविणे अर्थातच स्पॅनिशमधून. हाताशी मराठी-स्पॅनिश कोश नसतानाची ही गोष्ट आहे.

मग आरंभ कपड्यांपासून का? याचे कारण असे की परदेशात पाऊल ठेवल्यावर भाजीचे नाव अडले तर बोटाने दाखविता येते. पण संध्याकाळच्या समारंभाचे निमंत्रण हाती आले आणि त्यावर पोशाखाविषयी एक ओळ असली, तर तेथे बोट कामाचे नाही. शब्द कळला नाही तर माणूस समारंभात चुकीच्या कपड्यांत उभा राहतो, आणि ती तीन तासांची लाज त्याला पुढे कित्येक वर्षे पुरते. दुसरे असे की, शिकवणीच्या पुस्तकांत या शब्दांचा पाठ बहुधा चित्रांचा असतो. सदऱ्याचे चित्र, खाली नाव; बुटाचे चित्र, खाली नाव. विद्यार्थी चाळीस नावे घोकतो आणि आठ दिवसांत पस्तीस विसरतो. शब्दाला नातेगोते नसले की तो डोक्यात टिकत नाही. आज मला दाखवावयाचे आहे ते एवढेच, की या शब्दांपैकी बरेचसे आपल्या घरात आधीच राहत आहेत.

आपल्याकडील वृद्ध मंडळी शर्टाला ‘खमीस’ म्हणत, हे पुष्कळांनी ऐकले असेल. स्पॅनिशमध्ये शर्ट म्हणजे ‘कामिसा’. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘कामिसिआ’ या शब्दापासून स्पॅनिश व पोर्तुगीज कामिसा झाला. अरबी ‘कमीस’ही त्याच मुळाशी नेऊन जोडतात. आपल्या खमिसावर अरबी-फारशीचा हात अधिक की पोर्तुगिजांचा, हा वाद पंडितांकडे सोपवू. शिकणाऱ्याला दोन्ही सारखेच उपयोगी.

पायांकडे या. घरात घालावयाच्या ‘सपाता’ आपल्याला ठाऊक आहेत. पोर्तुगीज ‘सापातो’ म्हणजे बूट आणि स्पॅनिशमध्येही ‘सापातो’ म्हणजे बूटच. ‘टॉवेल’ रूढ होण्यापूर्वी कोकणात ‘तुवाल’ होता. स्पॅनिश शब्द ‘तोआया’. परकराला हिंदीत व बंगालीत ‘साया’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘साइआ’; स्पॅनिशमध्ये ‘साया’ हाच जुना शब्द घागऱ्यासाठी आहे. कपडे ठेवावयाच्या अलमारीला स्पॅनिशमध्ये ‘आर्मारिओ’ म्हणतात. त्या अलमारीच्या दाराची बिजागरी ‘बिसाग्रा’, कपडे भिजविण्याची बालदी ‘बाल्दे’ आणि साबण ‘हाबोन’. धोबीघाटाचे निम्मे काम येथेच संपले.

हे शब्द आपल्याकडे आले ते मुख्यतः पोर्तुगिजांकडून. वसई सुमारे दोनशे वर्षे त्यांच्या ताब्यात होती आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत फारसे सांगत नाहीत ते असे की १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे होते. म्हणजे त्या काळात वसई, चौल आणि गोवा येथील किल्ल्यांचा धनी नावापुरता का होईना, माद्रिदला बसत होता. भाषा मात्र पोर्तुगीजच राहिली. या दोन भाषा सख्ख्या बहिणी असल्या तरी एकच नव्हेत. गुंडी अडकविण्याच्या छिद्राला आपण ‘काज’ म्हणतो, तो पोर्तुगीज ‘काझा’. त्याचा मूळ अर्थ घर. गुंडीचे घर ते काझा, अशी गोड कल्पना. स्पॅनिशमध्येही ‘कासा’ म्हणजे घर, पण गुंडीचे घर मात्र कासा नव्हे. त्यांनी तेथे घराऐवजी डोळा पाहिला आणि ‘ओहो’ म्हणजे डोळा यापासून ‘ओहाल’ शब्द केला. स्पेनमधील शिंप्याकडे जाऊन कासा मागाल तर तो भाड्याच्या खोल्या दाखवील! नात्याचा आधार घ्यावा, पण नातेवाईक ओळखून घ्यावा.

दुसरे नाते अरबीचे. स्पेनच्या मोठ्या भागावर अरबी भाषिकांची सत्ता कित्येक शतके होती. ग्रानादा पडले ते १४९२ साली. त्यामुळे कापूस म्हणजे ‘अल्गोदोन’, अरबी ‘अल्-कुत्न’. वालेन्सिया व मुर्सिया प्रांतांतील शेतकऱ्यांच्या जुन्या ढगळ विजारीचे नाव ‘सारागुएय्येस’. ते आले अरबी ‘सरावील’पासून, आणि आपली सलवार त्याच कुळातली. सर्वांत मौजेचा शब्द ‘आन्यील’. पांढऱ्या कपड्यांना घालावयाची जी नीळ, तीच ही. संस्कृत नील, फारशी नील, अरबी ‘अन्-नील’ असा प्रवास करीत आपला शब्द स्पेनला गेला. पायजमा ‘पिहामा’ होऊन पोचला, शाल ‘चाल’ होऊन, खाकी ‘काकी’ होऊन. यांना परके मानून घोकत बसणे म्हणजे मामाकडे जाऊन स्वतःची ओळख करून देण्यासारखे आहे.

उच्चारांविषयी थोडक्यात सांगतो. आपले त आणि द स्पॅनिश माणसाला हवे तसेच आहेत. ‘कोर्बाता’ म्हणजे नेकटाय, तेथे इंग्रज विद्यार्थ्याची जीभ ट करू पाहते, आपली करीत नाही. ज्याला इंग्रज ‘जे’ म्हणतो त्या अक्षराचा उच्चार घसा घासून काढलेला ह. दोन ‘एल’ जोडून आले की बहुतेक ठिकाणी य. ‘झेड’चा उच्चार अमेरिकेत स, स्पेनच्या मोठ्या भागात जीभ दातांत धरून केलेला थ. ब आणि व यांत ते लोक फरकच करीत नाहीत, म्हणून झग्याला ‘बेस्तीदो’ म्हणावे. एवढ्यावर बाजारात काम भागते.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठी माणसाने सावध राहावे. इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्याला निर्जीव वस्तूला लिंग असते हेच समजत नाही. आपल्याला ते समजते, म्हणून आपण निर्धास्त असतो आणि तेथेच फसतो. मराठीत सदरा, अंगरखा, फेटा, शेला, घागरा सगळे आकारान्त आणि सगळे पुरुष. स्पॅनिशमध्ये आकारान्त शब्द बहुधा स्त्रीलिंगी : ‘ला कामिसा’, ‘ला फाल्दा’ म्हणजे स्कर्ट, ‘ला ब्लुसा’, ‘ला चाकेता’ म्हणजे जाकीट. पुरुषाच्या गळ्यातील कोर्बाताही स्त्रीलिंगी. उलट ओकारान्त ते बहुधा पुल्लिंगी : ‘एल सापातो’, ‘एल बेस्तीदो’. बाईचा झगा पुल्लिंगी आणि बुवाचा शर्ट स्त्रीलिंगी, असे एकदा हसून लक्षात ठेवले की विसरत नाही. याला अपवाद आहेत. आपला पायजमा स्पेनमध्ये ‘एल पिहामा’ असा पुल्लिंगी राहिला, तर मेक्सिकोत तो ‘ला पियामा’ होऊन स्त्रीलिंगी झाला. पण काळा सदरा, काळी टोपी, काळे बूट असे विशेषण फिरविण्याची सवय आपल्याला जन्मापासून आहे. त्यांचेही तसेच : ‘ला कामिसा नेग्रा’, ‘एल बेस्तीदो नेग्रो’, ‘लोस सापातोस नेग्रोस’. विशेषण मागून येते एवढाच भेद.

लहानपणा दाखविण्याची त्यांची रीतही आपल्याला जवळची वाटेल. आपण टोपावरून टोपी, लोट्यावरून लोटी करतो. ते कामिसावरून ‘कामिसेता’ करतात, म्हणजे बनियन किंवा टी-शर्ट. ‘बोल्सा’ म्हणजे पिशवी, तिच्यावरून ‘बोल्सिय्यो’ म्हणजे खिसा. ‘मान्ता’ म्हणजे घोंगडी, तिच्यावरून ‘मान्तिय्या’, जिच्याकडे आपण पुढे येणार आहोत. एक मूळ शब्द धरला की दोन हाती लागतात. कॉलरला ते ‘कुएय्यो’ म्हणजे मानच म्हणतात. आपणही सदऱ्याला ‘गळा’ असतो असेच म्हणतो. कपडे या सर्वांसाठी ‘रोपा’ हा शब्द मात्र एकवचनी आहे. त्याचे मूळ गॉथिक लोकांच्या भाषेत असून अर्थ होता लूट! रोमन साम्राज्य लुटणाऱ्यांनी प्रथम अंगावरचे कपडे काढून घेतले असावेत, असा तर्क करावयास हरकत नाही.

आता क्रियापदांकडे वळू, कारण माझ्या मते भाषा नामांत नसून क्रियापदांत राहते. आपण सदरा घालतो, धोतर नेसतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो. एवढी बारीक वाटणी स्पॅनिशमध्ये नाही. तेथे सगळ्याला ‘पोनेर्से’, म्हणजे स्वतःवर ठेवणे : ‘मे पोंगो ला कामिसा’, मी सदरा घालतो. पाहा, ‘माझा सदरा’ असे ते म्हणत नाहीत, आपणही म्हणत नाही; तो इंग्रजीचा हट्ट आहे. आवडीनिवडीचे वाक्य तर मराठीच्या साच्यातून काढल्यासारखे. ‘मे गुस्ता ला कामिसा’ : मला सदरा आवडतो. ‘मे गुस्तान लोस सापातोस’ : मला बूट आवडतात. ‘मला’ जागच्या जागी राहते आणि क्रियापद वस्तूच्या मागे जाते. इंग्रजीवरून शिकणारे या रचनेत कित्येक महिने ठेचकाळतात. म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की स्पॅनिश वाक्याचा अर्थ मनात इंग्रजीतून लावू नका, मराठीतून लावा. वर्गाची भाषा इंग्रजी असली तरी आपल्या वहीचा उजवा रकाना मराठी असू द्या.

याच सदरातील एक शब्द मला फार प्रिय आहे : ‘एस्त्रेनार’. इंग्रजीत याला एका शब्दाचा पर्याय नाही, म्हणून कोशकार दोन ओळी खर्च करतात : नवी वस्तू पहिल्यांदा वापरणे, नवे वस्त्र पहिल्यांदा अंगावर घालणे. आपल्याकडे याला दोन ओळी लागत नाहीत. ‘घडी मोडणे’ म्हटले की झाले. नव्या लुगड्याची घडी कोणी मोडायची यावरून आपल्या घरांत किती प्रेम आणि किती रुसवेफुगवे होतात ते सांगावयास नको. नणंदेला किंवा भावजयीला घडी मोडावयास देणे हा एक मानच असतो. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी अंगावर काही ना काही नवे घालावे असा जुना संकेत आहे, निदान नवे मोजे तरी. आपल्या पाडव्यासारखेच हे. त्यांचा शब्द आपल्याहून थोडा ऐसपैस आहे. नवे घर, नवी सायकल, नव्या नाटकाचा पहिला प्रयोग, सर्वांना तो चालतो.

येथवर सर्व सुखाचे झाले. पुढे अडचण अशी की स्पॅनिश ही वीसेक देशांची भाषा आहे, आणि कपड्यांच्या नावांत जितका भेद आहे तितका क्वचित दुसरीकडे असेल. टी-शर्ट स्पेनमध्ये कामिसेता, मेक्सिकोत ‘प्लायेरा’, अर्जेंटिनात ‘रेमेरा’, पेरूत ‘पोलो’. स्कर्ट स्पेनमध्ये फाल्दा, अर्जेंटिनात ‘पोय्येरा’. या दुसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ कोंबड्यांचे खुराडे, कारण जुने फुगीर घागरे खुराड्याच्या टोपलीसारखे दिसत. पनामात मात्र हीच पोय्येरा सणासमारंभाचा राष्ट्रीय पोशाख आहे. स्पेनमधील ‘मेदिया’ म्हणजे बायकांचे लांब मोजे, अमेरिकेतील बऱ्याच देशांत साधे पायमोजे. सुटाच्या कोटाला स्पेनमध्ये ‘आमेरिकाना’ म्हणतात आणि खुद्द अमेरिकेतील स्पॅनिश लोक ‘साको’ म्हणतात! थंडीच्या जाकिटाचा शब्द तर जपून वापरावा : चाकेता हा स्पेनमध्ये अगदी सभ्य शब्द, पण मेक्सिकोत त्याला ग्राम्य अर्थ चिकटला आहे. तेथे ‘चामार्रा’ म्हणावे. तात्पर्य, जावयाचे कोठे ते ठरवून मग यादी करावी. बिल्बाओची यादी मेक्सिकोत नेऊ नये.

औपचारिक पोशाखाचा मुख्य शब्द ‘त्राहे’. एकटा आला तर बहुधा पुरुषाचा सूट; पण मागे शब्द जोडला की अर्थ फिरतो. ‘त्राहे दे बान्यो’ म्हणजे पोहण्याचा पोशाख, ‘त्राहे दे नोविआ’ म्हणजे वधूवेष, ‘त्राहे दे लुसेस’ म्हणजे बैलाशी झुंजणाऱ्याचा लखलखता वेष. तेव्हा निमंत्रणात त्राहे दिसताच पेटी बंद करू नये, पुढचा शब्द वाचावा. ‘त्राहे ओस्कुरो’ म्हणजे गडद रंगाचा सूट, अर्थात कोर्बातासह. ‘दे एतिकेता’ असे असेल तर मामला भारी. तेथे पुरुषाने ‘एस्मोकिन’ घालावा, जो इंग्रजीतील स्मोकिंग जॅकेटचा स्पॅनिश अवतार आहे. दिवसाच्या लग्नात नवरदेव ‘चाके’ घालतो, म्हणजे मागे लांब शेपटाचा कोट. एतिकेता या शब्दाचा दुसरा अर्थ दुकानातील कपड्यावरची किमतीची चिठ्ठी, हे ध्यानात ठेवले तर दुकानात गोंधळ होणार नाही. तेथे माप विचारतील ते ‘ताय्या’. बुटांचे असेल तर ‘नूमेरो’.

स्पेनच्या लग्नात नवरदेवाला घेऊन येणारी ‘माद्रिना’, बहुतेक वेळा त्याची आईच, डोक्यावर उंच कंगवा खोवून त्यावरून ती मगाशी उल्लेखिलेली जाळीदार मान्तिय्या सोडते. ती रीत आज सर्वत्र नाही, पण गेलेलीही नाही. डोक्यावरून पदर घेतलेल्या वरमाईची आठवण झाल्यावाचून राहत नाही. रंगाच्या बाबतीत मात्र आपले त्यांचे उलटे आहे. मान्तिय्या काळी असली तरी लग्नात कोणी नाक मुरडत नाही आणि संध्याकाळच्या समारंभात काळा रंग भारदस्त मानतात. ‘शुभकार्यात काळे नको’ असे घरून कितीही सांगितले असले, तरी त्राहे ओस्कुरो लिहिलेल्या ठिकाणी पुरुषाने काळ्या-निळ्यासच धरून राहावे. आणि पांढरे वस्त्र स्त्रियांनी त्यांच्या लग्नाला नेसून जाऊ नये. तो वधूचा रंग.

आता जो प्रश्न आपल्याकडील तरुण नेहमी विचारतात, त्याला येतो. समारंभाला जावयाचे तर सूटच घातला पाहिजे का? आपला पोशाख तेथे हास्यास्पद ठरेल का? याचे उत्तर स्पॅनिश बोलणाऱ्यांनीच देऊन ठेवले आहे. १९८२ साली कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस नोबेल पारितोषिक घेण्यासाठी स्टॉकहोमला गेले. तेथील रिवाज पुरुषांनी ‘फ्राक’ घालण्याचा, म्हणजे मागे शेपटाचा काळा कोट व पांढरा बो. मार्केस उभे राहिले ते पांढऱ्या ‘लिकिलिकि’त. हा कोलंबिया व व्हेनेझुएला येथील माळरानावरच्या लोकांचा पोशाख, साधारण आपल्या बंद गळ्याच्या कोटासारखा. १९३१ साली गांधीजी पंचा नेसून बकिंगहॅम राजवाड्यात गेले, त्याच्याशी याची तुलना सहज सुचते. फरक एवढाच की मार्केस यांचा पोशाख दारिद्र्याचा नव्हे, सणाचा होता. क्यूबा देशाने २०१० साली ‘ग्वायाबेरा’ हा चार खिशांचा, उभ्या चुण्यांचा, बाहेर सोडावयाचा सदरा आपल्या शासकीय समारंभांचा अधिकृत पोशाख ठरविला. मेक्सिकोच्या युकातान भागातही तोच लग्नाकार्यात चालतो. आपला झब्बा ज्याने घातला आहे त्याला ग्वायाबेरा परका वाटणार नाही, आणि ग्वायाबेरा घालणाऱ्याला झब्बा.

मेक्सिकोत तर भारतीय वस्त्राविषयी एक दंतकथाच आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मिर्रा नावाची एक हिंदुस्थानी मुलगी चाच्यांनी पकडून मनिलाच्या बाजारात विकली, आणि ती पुढे जहाजाने मेक्सिकोतील पुएब्ला शहरी गुलाम म्हणून पोचली. तेथे तिचे नाव कातारिना दे सान हुआन झाले. तपस्विनी म्हणून तिची कीर्ती पसरली आणि १६८८ साली ती वारली. भरतकामाच्या चोळीचा व टिकल्या लावलेल्या घागऱ्याचा ‘चिना पोब्लाना’ हा मेक्सिकन पोशाख तिनेच आणला असे लोक सांगतात. इतिहासकार ते मानत नाहीत. तो पोशाख प्रत्यक्षात पुष्कळ नंतरचा आहे. पण एका पकडून नेलेल्या परदेशी मुलीला आपल्या राष्ट्रीय पोशाखाचे जनकत्व द्यावे असे ज्या लोकांना वाटले, त्यांच्यासमोर साडी नेसून जाण्याचा संकोच कशाला? ‘सारी’ हा शब्द स्पॅनिश कोशात आहे. दे एतिकेता लिहिलेल्या समारंभासही रेशमी साडी बेलाशक चालावी; आणि संक्रांतीची काळी चंद्रकळा तर तेथे अगदी ठिकाणावर पडेल.

तेथील बायका हे कसे घालतात असे विचारतीलच. नेसणे या क्रियापदाला त्यांच्याकडे जोड नाही, तेव्हा ‘एन्बोल्बेर्से’ म्हणजे स्वतःभोवती गुंडाळणे, असे सांगून वेळ मारून न्यावी. नऊवारी असेल तर ‘ओचो मेत्रोस’, आठ मीटर, असे सांगा. आकडा ऐकून त्या थक्क होतील. पदराला शब्द नाही. तेथे ‘एल पादार’ असेच म्हणावे आणि खांद्यावरचा उचलून दाखवावा. आणि साडी नवी असेल तर एक वाक्य पाठ करून जावे : ‘ओइ एस्त्रेनो एस्ते सारी’. आज या साडीची घडी मोडते आहे.